आईबापांचे गाव, लेकरांचा परदेश

जुलै महिना लागला की ब्रिटनमधल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : "यंदा गावी जायचे आहे." हे गाव कुणाचे सातारा असते, कुणाचे नागपूर, कुणाचे मालवण, तर कुणाचे चक्क दादर. मुंबईसारख्या महानगरालाही आपण लंडनला बसून 'गाव' म्हणतो, यात आपल्या मनाचा ओढा दिसतो. पण ज्या लेकराला बरोबर न्यायचे, त्याचा जन्म क्रॉयडनचा किंवा लेस्टरचा. त्याचा पासपोर्ट ब्रिटिश आणि भारतात पाऊल ठेवण्यासाठी त्याला सरकारी कागद लागतो. म्हणजे विमानात शेजारी शेजारी बसलेल्या तिघांपैकी दोघे घरी निघालेले असतात आणि तिसरा परदेशप्रवासाला.

ही साधी गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ घरांचे गावाचे प्रवास फसतात, असे आमचे मत आहे. आईबाप माहेरपणाच्या आनंदात असतात, पोर मात्र अनोळखी देशात, अनोळखी चेहऱ्यांत, अनोळखी चवींत गांगरलेले असते. मग ते चिडचिड करते आणि आपण म्हणतो, "इतके पैसे खर्चून आणले, आणि याचे हे असे!" अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर मूल सोळा वर्षांचे झाले की स्पष्ट सांगते, "तुम्ही जा, मी येत नाही." ही वेळ येऊ नये म्हणून काय करता येईल, याचा थोडा विचार आज करू. त्यासाठी आधी मागे वळून पाहिले पाहिजे, कारण लेकराला घेऊन समुद्र ओलांडण्याचा प्रश्न आपल्यापुढेच प्रथम उभा राहिलेला नाही.

दोन वर्षांची प्रवासी

१८८३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून एक पंचविशीची विधवा बाई विलायतेच्या बोटीवर चढली. बरोबर होती नुकतीच दोन वर्षे पुरी झालेली मुलगी. बाई म्हणजे पंडिता रमाबाई आणि मुलगी मनोरमा. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली कॉलऱ्याने गेले होते. आईवडील त्याच्याही आधी गेलेले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून रमाबाईंनी नाव मिळवले होते. त्यांना वैद्यकी शिकायची होती. समुद्र ओलांडणे हाच त्या काळी मोठा अपराध, त्यात एकट्या विधवेने ओलांडणे, आणि तेही कडेवर पोर घेऊन! पुण्यात केवढी खळबळ झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

हा प्रवास कसा झाला, हे रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेल्या पत्रात सांगितले, आणि ते त्याच वर्षी 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने पुस्तकरूपाने छापले गेले. मराठी बाईने लिहिलेल्या परदेशप्रवासाच्या अगदी पहिल्या हकिगतींपैकी ही एक. ती लिहिणारी बाई लेकुरवाळी होती, याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

इंग्लंडात त्या वाँटेज या लहानशा गावी सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या मठात उतरल्या. या संघाच्या सिस्टर्स पुण्यातही काम करीत असल्याने ओळख तिथलीच होती. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या सोबतिणीचा काही महिन्यांतच दुःखद अंत झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात मिस डोरोथिया बील यांच्याकडे गेल्या. तिथे त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. मनोरमा मात्र बराच काळ वाँटेजला सिस्टर जेराल्डीन यांच्या देखरेखीखाली राहिली. या सिस्टरना मायलेकी 'आजीबाई' म्हणत. बर्कशरमधल्या त्या मठात एका इंग्रज जोगिणीला मराठी आजीपण मिळाले, ही गोष्ट आम्हाला मोठी हृद्य वाटते.

पण या आजीबाईंशीच रमाबाईंचा पुढे वाद झाला. मुलीला धर्म कोणी शिकवायचा, कोणत्या पद्धतीने शिकवायचा, तिला इंग्लंडात ठेवायचे की बरोबर न्यायचे, अशा प्रश्नांवर दोघींची पत्रे झडली. रमाबाईंचा आग्रह असा होता की मुलगी माझी आहे आणि तिच्याविषयीचा निर्णय मीच घेईन. मनोरमा इंग्रजाळून जावी हे त्यांना नको होते. आपण हिंदुस्थानच्या लेकी आहोत हे सांगायला तिला संकोच वाटू नये आणि मायदेशी परतल्यावर तिने आपल्या लोकांत त्यांच्यातलीच एक म्हणून वावरावे, वरची म्हणून नव्हे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. हा सारा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. ज्यांना आपल्या घरातली रात्रीच्या जेवणानंतरची भांडणे शंभर वर्षे जुन्या शाईत वाचायची असतील, त्यांनी तो अवश्य पाहावा.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियाला डॉक्टर होणार होत्या, तो समारंभ पाहायचा होता. मनोरमा तेव्हाही बरोबर होती. म्हणजे वयाची पाच वर्षे पुरी होण्याआधी या मुलीने तीन खंड पाहिले. पुढे आईला अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत फिरावे लागले, तेव्हा मुलीला पुन्हा वाँटेजला ठेवणे भाग पडले. लेकराला आपल्यासारखेच वाढवायचे, असा हट्ट धरणाऱ्या आईलाच त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागले. नोकरीच्या वेळा आणि पाळणाघर यांच्या कात्रीत सापडलेल्या आजच्या आयांना हे दुःख समजावून सांगायला नको.

मनोरमा पुढे भारतात परतली. आईने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेल्या शारदासदनाच्या कामात ती आईचा उजवा हात झाली. १९२१ साली ती गेली आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. इतके देश फिरलेली ही मुलगी परत येऊन आपल्या माणसांत रमली, याचे श्रेय आम्ही आईच्या त्या आग्रहाला देतो. प्रवास कितीही लांबचे झाले, तरी 'तू कोण आहेस' या प्रश्नाचे उत्तर आईने मुलीला सतत पुरवले होते.

दुसऱ्यांच्या लेकरांची आई

त्या काळच्या बोटींवर आणखी एक बाई हमखास असे, आणि तिची पुस्तके कुणी छापली नाहीत. ती म्हणजे आया. हिंदुस्थानातल्या साहेबांची कुटुंबे रजेवर विलायतेला निघाली की पोरे सांभाळायला मुंबई, कलकत्ता, मद्रास या बंदरांतून आया बरोबर घेत. बोट लागल्याने मडम केबिनमध्ये पडून राही आणि पोरांचे खाणेपिणे, न्हाणेधुणे, रात्रीची रड, सारे आया निस्तरी. इंग्लंडचा किनारा लागला की पुष्कळदा तिचे काम संपे. परतीचे तिकीट देण्याचा करार पाळला गेला तर ठीक, नाही तर ती परक्या शहरात वाऱ्यावर.

अशा आयांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' चालत असे. आधी ते ऑल्डगेट भागात होते. १९०० साली लंडन सिटी मिशनने त्याचा ताबा घेतल्यावर ते हॅकनीत २६, किंग एडवर्ड्‌स रोड या घरात गेले. तिथे सुमारे तीस खोल्या होत्या. परतीच्या बोटीने जाणारे एखादे कुटुंब मिळेपर्यंत आया तिथे राहत. श्रीमती परेरा नावाच्या एका आयाने हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामध्ये ५४ वेळा प्रवास केल्याची नोंद आहे. २०२२ च्या जून महिन्यात या घरावर इंग्लिश हेरिटेजने निळी पाटी बसवली. हॅकनीला जाणे झाले तर मुलांना घेऊन ती पाटी जरूर पाहावी, आणि ज्या बायका परक्यांची पोरे सांभाळत समुद्र ओलांडत होत्या, त्यांची स्वतःची पोरे तेव्हा कुठे असतील, हा प्रश्नही त्यांना विचारावा. मुले अशा प्रश्नांची उत्तरे आपल्यापेक्षा लवकर शोधतात.

बोटीचा प्रवास आठवड्यांचा होता. त्यात हाल होते, पण मुलाला एका देशातून दुसऱ्या देशात पोचायला सवडही मिळे. हवा हळूहळू बदले, चवी बदलत, दिवस मागेपुढे सरकत. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि ही सवड आटू लागली. आता हीथ्रोहून मुंबई नऊ-दहा तासांवर आली आहे. संध्याकाळी क्रॉयडनच्या शांत गल्लीत दार ओढून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सांताक्रूझच्या गर्दीत, भोंग्यांच्या कल्लोळात, वीस नातेवाइकांच्या मिठ्यांत सापडायचे! मोठ्यांची आठवण त्यांना सांभाळून घेते. मुलापाशी ती आठवण नाही. म्हणून जी तयारी पूर्वी बोट करून देत असे, ती आता आईबापांनी घरी बसून करून द्यायला हवी.

कागदपत्रांचा घोळ

पहिली तयारी कागदांची. ब्रिटनमध्ये जन्मले म्हणजे मूल ब्रिटिश, ही समजूत अजूनही काही घरांत आहे. ती १ जानेवारी १९८३ पासून खरी राहिलेली नाही. त्या दिवशी १९८१ चा नागरिकत्व कायदा अमलात आला. त्यानुसार जन्माच्या वेळी आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक असेल किंवा त्याला इथे कायमच्या वास्तव्याचा हक्क असेल, तरच मूल जन्माने ब्रिटिश ठरते. त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या जोडप्याचे थोरले मूल भारतीय आणि धाकटे ब्रिटिश, असे एकाच घरात घडू शकते. मूल भारतीय ठेवायचे असेल तर जन्मापासून वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करावी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, हेही विसरू नये.

ब्रिटिश मुलासाठी बहुतेक घरे ओसीआय कार्ड काढतात. सोळा वर्षांखालच्या मुलाचा ब्रिटिश पासपोर्ट पाचच वर्षे चालतो, आणि तो बदलला की कार्डाच्या नोंदीत नवा पासपोर्ट व नवा फोटो चढवावा लागतो. विसाव्या वर्षानंतरच्या पहिल्या पासपोर्टाच्या वेळी कार्डच एकदा नवे करून घ्यायचे. विमानतळावर आयत्या वेळी धावाधाव होते ती याच्याच विस्मरणाने. तिकीट काढण्याआधी घरातल्या सर्वांचे पासपोर्ट टेबलावर मांडून तारखा वाचाव्यात, हा आमचा सल्ला.

आता नावांचा प्रश्न. आपली पद्धत अशी की मुलाचे नाव, मग बापाचे नाव, मग आडनाव. आईने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर ते निराळे. ब्रिटिश पासपोर्टावर आईबापांची नावे नसतात. मग आई एकटीच मुलाला घेऊन निघाली की अधिकारी विचारतो, "हे मूल तुमचेच कशावरून?" रागावण्यात अर्थ नाही, कारण त्याचे ते कामच आहे. मुलाचा जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचे सहीचे संमतिपत्र बरोबर ठेवावे. पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी असलेल्या प्रत्येकाची संमती घेतल्याशिवाय मुलाला देशाबाहेर नेणे हा इथे अपहरणाचा गुन्हा ठरू शकतो. १९८४ चा तसा कायदाच आहे. मूल आपल्याकडे राहावे असा न्यायालयाचा हुकूम ज्याच्या हाती आहे, त्याला २८ दिवसांपर्यंत नेता येते. त्याहून अधिक दिवसांसाठी संमती किंवा न्यायालयाची परवानगी हवी. ज्या घरांत नवरा-बायकोत दुरावा आहे, तिथे ही बाब विशेष नाजूक असते. मुलांना परत पाठवण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यामुळे तिकडे राहिलेले मूल परत आणण्याची वाट फार लांबची होते. मोठ्यांच्या भांडणात 'गावी जाऊ या' हे शब्द हत्यार होऊ नयेत.

सुट्ट्यांची चुकामूक

कागद जमले तरी पंचांग जमत नाही! इंग्लंडातल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सहा आठवड्यांची. महाराष्ट्रात हे दिवस ऐन पावसाचे आणि चातुर्मासाचे. आषाढी एकादशीपासून लग्नमुहूर्त बंद. हापूस केव्हाच संपलेला. आणि सर्वांत वाईट म्हणजे तिथल्या शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या, त्यामुळे ज्या आते-मामेभावंडांशी खेळायला म्हणून मुलाला न्यायचे ती सकाळी दप्तर घेऊन शाळेत आणि संध्याकाळी क्लासला. मे महिन्याची ती सुट्टी, आंब्याची आढी, गच्चीवर झोपणे, पत्त्यांचे डाव, म्हणजे आपल्या मनात ज्याला 'गाव' म्हणून जागा आहे ते सारे, इथल्या मुलाला सहसा दिसतच नाही. इस्टरच्या दोन आठवड्यांत हापूस बाजारात दिसू लागतो, पण तेव्हा तिकडे वार्षिक परीक्षा असतात. दिवाळी इथल्या ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या सुट्टीशी कधी जुळते, कधी हुकते. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला आली, तेव्हा इथल्या शाळा सुरू होऊन गेल्या होत्या. २०२५ साली ती २७ ऑगस्टला आली आणि पुष्कळांनी ती साधली.

मग पालक म्हणतात, "शाळा बुडवू, त्यात काय!" इंग्लंडात त्यात बरेच काही आहे. २०१३ पासून मुख्याध्यापकांना केवळ अपवादात्मक कारणासाठीच रजा देता येते. वाइट बेटावरच्या एका बापाचा असा मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली तो बाप हरला. ऑगस्ट २०२४ पासून विनापरवाना गैरहजेरीचा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे. तो २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड होतो. दोन मुले आणि दोन पालक म्हणजे पहिल्याच खेपेला ३२० पौंड! मावशीच्या लग्नाच्या अक्षता महागच पडायच्या. लग्न खरोखर जवळचे असेल तर मुख्याध्यापकांना आधी पत्र लिहून, पत्रिका जोडून विचारावे. परवानगी मिळेलच असे नाही, पण खोटा ताप सांगून मूल नेऊ नये. परतल्यावर ते वर्गात लग्नाची गंमत सांगणारच, आणि आपण त्याला खोटे बोलायला शिकवले, हे ते जन्मभर लक्षात ठेवील.

आमचे म्हणणे असे की पावसाळाच मिळतो आहे तर पावसाळ्याचेच गाव मुलाला द्यावे. कोकणात भाताची लावणी जुलैत चालू असते. चिखलात पाय रोवून दोन रोपे लावू दिली तर ताटातला भात त्याला निराळा दिसेल. घाटातले धबधबे, नारळी पौर्णिमेचा कोळीवाडा, गोकुळाष्टमीची दहीहंडी, पोळ्याचे रंगवलेले बैल, हे सारे बहुधा या सहा आठवड्यांतच येते. आपल्या बालपणाची सुट्टी त्याला देता येत नाही म्हणून हळहळत बसण्यापेक्षा त्याची स्वतःची श्रावणातली सुट्टी घडू द्यावी. आणि भावंडे शाळेत जात असतील तर तिथल्या मुख्याध्यापकांना विचारून एखादा दिवस आपले मूलही त्यांच्याबरोबर वर्गात बसवावे. बेंचवर चौघे कसे मावतात आणि डबे कसे वाटून खातात, हे कोणत्याही वस्तुसंग्रहालयापेक्षा जास्त शिकवून जाते.

तब्येतीचे पथ्य

"आम्ही नळाचे पाणी पिऊनच वाढलो, पोरांना काय होते!" हे वाक्य आम्ही किती तरी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. आजोबांचे खरे आहे, पण पोर ब्रिटनमध्ये वाढलेले आहे. ब्रिटनमध्ये आढळणारे विषमज्वराचे बहुतेक रुग्ण भारतीय उपखंडात नातेवाइकांकडे जाऊन आलेले असतात, कारण हॉटेलात उतरणारा गोरा प्रवासी लस घेऊन जातो आणि आपण 'घरीच तर चाललो' म्हणून घेत नाही. निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन चौकशी करावी. विषमज्वराची नेहमीची लस दोन वर्षांवरच्या मुलांना देतात. ती आणि कावीळ अ ची लस सरकारी आरोग्यसेवेत फुकट मिळते. हिवतापाच्या गोळ्या लागतील की नाही, हे आपण कोणत्या भागात जाणार त्यावर ठरते, तेव्हा गावाचे नाव सांगूनच विचारावे.

पावसाळ्यात डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून लांब बाह्यांचे सुती कपडे आणि अंगाला लावायचे औषध दिवसाही हवे. पाणी उकळलेले, फळ आपल्या हातांनी सोललेले. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात. ती लंडनहून न्यायला नको, गावातल्या औषधांच्या दुकानात मिळते. आणि कुत्रे! इथली मुले दिसेल त्या कुत्र्याला कुरवाळायला धावतात. तिकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे विमानात बसण्याआधीच बजावावे. चावले किंवा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विमान चढता-उतरताना तान्ह्याला पाजावे म्हणजे कान दुखत नाहीत. उन्हाळ्यात साडेचार तास पुढचे घड्याळ मुलाच्या अंगी मुरायला चार-पाच दिवस लागतात, तोवर रात्री दोन वाजता "भूक लागली" म्हणणाऱ्या पोरावर ओरडू नये.

पाहुणा की घरचा?

आता मुख्य गोष्ट. तीन आठवड्यांच्या मुक्कामात आपण काय करतो? दोन दिवस काकांकडे, एक दिवस आत्याकडे, दुपारी मावशीकडे चहा, रात्री मामांकडे जेवण. कुणी रागावू नये म्हणून सगळ्यांच्या पाया पडून येतो. मुलाला या धावपळीत चाळीस चेहरे दिसतात आणि एकही ओळखीचा होत नाही. प्रत्येक घरी तेच प्रश्न : "मराठी येते का रे? काहीतरी बोलून दाखव." पोर गप्प बसले की "हे अगदीच इंग्रज झाले!" असा शेरा. असल्या परीक्षेत कोणाला गोडी लागेल?

त्यापेक्षा निम्मे दिवस एकाच घरी, आजी-आजोबांपाशी राहावे. भेटणाऱ्यांना तिथेच बोलवावे. रुसणारे रुसतील, पुढच्या खेपेस मनवता येईल. एका घरी राहिले की मुलाला तिथला दिनक्रम कळतो. दूधवाला कधी येतो, पाणी किती वाजता जाते, मांजर कुठे झोपते, हे त्याला ठाऊक झाले की ते घर त्याचे होऊ लागते. त्याला कामही द्यावे. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, घरच्या माणसाला सांगतात. शेंगा सोलणे, देवाची फुले आणणे, आजोबांबरोबर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन मीठ आणणे. वाण्याकडे मागितलेले 'अर्धा किलो मीठ' हे मूल विसरत नाही, कारण ते त्याने परीक्षेसाठी पाठ केलेले नसते, कामासाठी वापरलेले असते.

आजी-आजोबांनाही आधी फोनवरून चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. पोराला तिखट झेपत नाही, ते 'नको' म्हणाले तर तो आजीचा अपमान नव्हे. भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय नाही, तेव्हा हसू नये. ते आपल्याला 'तू' म्हणेल, 'अहो' म्हणणार नाही, कारण इंग्रजीत तसा भेदच नाही आणि आईने अजून तेवढे शिकवलेले नाही. गोऱ्या रंगाची, उच्चारांची वाखाणणी त्याच्या भावंडांसमोर करू नये. रमाबाईंना जी भीती वाटत होती, की लेक आपल्याच माणसांत वरची म्हणून वावरेल, तिचे बी पुष्कळदा असल्या कौतुकातूनच पडते.

आणि निघण्यापूर्वीचे महिने वाया घालवू नयेत. दर रविवारी आजीला फोन लावून मुलाला पाच मिनिटे एकटे बोलू द्यावे, मागून सूचना न देता. भावंडांची नावे आणि फोटो भिंतीवर लावावेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे आणि डॉलिस हिल लेनवर त्याची स्वतःची वास्तू आहे. इतर शहरांतही मंडळे आणि मराठी शाळा आहेत. तिथे मराठी बोलणारी आपल्याच वयाची मुले पाहिली की मराठी ही फक्त आईबापांची भाषा नव्हे, हे मुलाला आपोआप कळते.

एवढे केल्यानेही प्रत्येक मूल गावाच्या प्रेमात पडेल अशी हमी आम्ही देत नाही. काहींना डास आणि गर्दी एवढेच आठवेल. तरी आईबापांनी एक मनाशी मान्य करावे की आपल्याला जे गाव जन्माने मिळाले ते मुलाला ओळख करून घेऊन मिळवायचे आहे, आणि ओळख व्हायला वेळ लागतो. यंदाच्या सुट्टीची तिकिटे काढताना नातेवाइकांची यादी थोडी आखूड करा आणि आजीच्या घरचे दिवस थोडे वाढवा. आजी-आजोबांची वयेही पासपोर्टाच्या तारखांसारखीच पुढे सरकत असतात, फक्त त्यांची मुदत कुठे छापलेली नसते.